वहीतली जमा, टॅलीतली नावे

पत्र असं आहे:

काका, सप्रेम नमस्कार. घाटंजी तालुक्यात रस्त्यावरच्या एका गावात आमचं कृषी केंद्र आहे. मामाजी (माझे सासरे) तीस वर्षांपासून ते चालवतात आणि सगळा हिशेब लाल वहीत ठेवतात. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. हे शेतात नाहीतर वसुलीला असतात, म्हणून हिशेब मी शिकावा असं घरात ठरलं. मी बी. ए. झाले आहे, कॉमर्सचा कधी संबंध आला नाही. तालुक्याला जाऊन तीन महिने टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास केला, सर्टिफिकेटही मिळालं. क्लासमध्ये सर सांगायचे तशा एन्ट्र्या भराभर व्हायच्या. दुकानात बसले तेव्हा मात्र काहीच सुचेना. मामाजी म्हणतात, पैसा आला की जमा. क्लासमध्ये शिकवलं, पैसा आला की रोख डेबिट, म्हणजे नावे. बँकेच्या पासबुकात पुन्हा जमा. तरी पोळ्यानंतर हिंमत करून सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंतची बिलं भरली. मग पाहिलं तर रोख शिल्लक उणे एक्याऐंशी हजार! गल्ल्यात तर पैसे होते. मामाजी रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "राहू दे सूनबाई, लाइन गेली का त्यातलं सारंच जाते." तेव्हापासून कॉम्प्युटर झाकून ठेवला आहे. बिलांची थैली पहिल्यासारखीच यवतमाळला सीए साहेबांकडे जाते. मला हे जमेल का? पुन्हा क्लास लावू का? आणि वही बंद करायची का?
— एक सून, तालुका घाटंजी

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि "कॉम्प्युटर झाकून ठेवला आहे" या वाक्याशी दोन्ही वेळा थांबलो. तो आजच उघडा. तुम्हाला हिशेब येत नाही असं पत्रावरून मुळीच दिसत नाही. क्लासमधल्या शंभरातल्या नव्वद जणांना जो प्रश्न पडतच नाही, तो तुम्हाला पडला आहे. वहीत जमा, टॅलीत नावे आणि पासबुकात पुन्हा जमा, हे कसं? बाकीचे बटणं पाठ करतात: एफ ५ म्हणजे पेमेंट, एफ ६ म्हणजे रिसीट, एफ ८ म्हणजे सेल्स. क्लासची सरावाची कंपनी संपली की तेही तुमच्यासारखेच अडतात, आणि का अडलो हे त्यांना कळत नाही.

दुसरा क्लास नको. तुम्हाला पाहिजे तो मास्तर घरातच बसला आहे आणि त्याच्याजवळ तीस वर्षांच्या वह्या आहेत.

आधी तुमचा मुख्य गुंता सोडवू. मामाजींच्या रोजमेळाचं, म्हणजे रोजच्या आल्यागेल्या पैशाच्या वहीचं, एखादं पान समोर घ्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. डावीकडे वर सकाळची शिल्लक, तिच्याखाली दिवसभरात आलेले पैसे, उजवीकडे गेलेले पैसे. दिवेलागणीला दोन्ही बाजूंची बेरीज करायची. जमेतून नावे वजा केलं की उरते ती गल्ल्यातली शिल्लक. समजा, एका शेतकऱ्यानं जुन्या उधारीचे ५,००० रुपये आणून दिले. मामाजी डावीकडे त्याचं नाव लिहितात आणि पुढे ५,०००. आता नीट पाहा, तिथे नाव कोणाचं आहे? शेतकऱ्याचं. गल्ल्याचं नाही. म्हणजे ती जमा त्या शेतकऱ्याच्या खात्यात आहे. खतावणी, म्हणजे प्रत्येकाच्या खात्याचं वेगळं पान असलेली वही, उघडली तर त्याच्या पानावरही ते ५,००० जमेकडेच सापडतील. गल्ल्याचं नाव मामाजी कुठेच लिहीत नाहीत, कारण रोजमेळाचं अख्खं पानच गल्ल्याचं आहे. ते गृहीत असतं.

टॅली काहीच गृहीत धरत नाही. ती दोन्ही नावं लिहायला लावते: शेतकरी जमा ५,०००, रोख नावे ५,०००. पहिली ओळ मामाजींची, दुसरी ओळ मामाजींच्या मनातली. दोघांत भांडण नाही.

मग रोख "नावे" का? जुन्या दिवाणजींनी मला जी युक्ती शिकवली ती सांगतो. गल्ल्याला माणूस समजा. बँकेलाही माणूस समजा, वीजबिलालाही, विक्रीलाही. आणि प्रत्येक व्यवहारात दोनच प्रश्न विचारा: कोणी दिलं, कोणी घेतलं? देणारा जमा, घेणारा नावे. शेतकऱ्यानं ५,००० दिले, तो जमा. गल्ल्यानं घेतले, गल्ला नावे. उद्या गल्ल्यातून हमाली दिली तर गल्ल्यानं दिलं म्हणून गल्ला जमा आणि हमाली खर्च नावे. कितीही गुंतागुंतीचा व्यवहार येऊ द्या, या दोन प्रश्नांनी सुटतो. जो सुटत नाही तो बहुधा एक नसून दोन व्यवहार असतात, कुणीतरी एकात कोंबलेले.

पासबुकाचंही तेच. पासबुक म्हणजे बँकेच्या खतावणीतलं तुमचं पान. तुमच्या दुकानाच्या खतावणीत जसं शेतकऱ्याचं पान, तसं बँकेच्या खतावणीत तुमचं. तुम्ही पैसे भरले की तुम्ही देणारे, म्हणून बँक तुमच्या पानावर जमा लिहिते. तोच भरणा तुमच्या टॅलीत बघितला तर बँक घेणारी आहे, म्हणून बँक नावे. एकच व्यवहार, दोन वह्या, आणि वही कोणाची यावर बाजू ठरते. महिन्याच्या शेवटी बँकेचा उतारा आणि टॅलीतलं बँकेचं खातं समोरासमोर ठेवाल, त्या दिवशी हे डोळ्यांनी दिसेल. एकीकडची प्रत्येक जमा दुसरीकडे नावे असते.

आता हे तुमच्या दुकानातल्या उधारीच्या बिलाला लावून पाहू. डीएपी खताची ५० किलोची थैली १,३५० ची. सात थैल्या उधार गेल्या, बिल ९,४५० चं. या किमतीत ५ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे मालाचे ९,००० आणि कराचे ४५०. त्यात अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा, प्रत्येकी २२५. घेणारा एक, शेतकरी: नावे ९,४५०. देणारे किती? विक्री जमा ९,०००. उरलेले ४५० आपले नाहीतच, सरकारचे आहेत, म्हणून सीजीएसटी जमा २२५, एसजीएसटी जमा २२५. नावे ९,४५०, जमा ९,४५०. टॅलीत एफ ८ दाबून वस्तू आणि संख्या टाकली की ही विभागणी सॉफ्टवेअर आपोआप करतं. मात्र एकदा कागदावर स्वतः करा. एकदा हातानं केलेलं असलं की स्क्रीनवर चुकीचा आकडा आला तर डोळ्यांना खुपतो.

मात्र एक गोष्ट आधी सीए साहेबांना विचारून घ्या. दुकानाची जीएसटी नोंदणी नियमित आहे की कंपोझिशनची? वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत असलेले बरेच दुकानदार कंपोझिशनमध्ये असतात. त्यांना बिलात वेगळा कर दाखवता येत नाही, व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का स्वतः भरावा लागतो. तसं असेल तर वरची कराची दोन खाती तुमच्या बिलात येणार नाहीत.

आता त्या उणे एक्याऐंशी हजारांबद्दल. हा आकडा पाहून तुम्ही घाबरलात, पण मला विचाराल तर सॉफ्टवेअरनं तुम्हाला दिलेली ती सगळ्यात कामाची माहिती आहे. गल्ला कधी उणे होत नसतो. रिकामा होतो, त्याखाली जात नाही. म्हणून रोख खात्यात क्रेडिट, म्हणजे जमेकडची, शिल्लक दिसली की अर्थ बहुधा एकच: गल्ल्यातून गेलेले पैसे तुम्ही लिहिले आणि आलेले लिहायचे राहिले.

कुठे राहिले असतील? तुम्ही "बिलं भरली" असं लिहिता. बिलं म्हणजे विक्री आणि खरेदी. आणि दिवाळीच्या तोंडाशी विदर्भातल्या कृषी केंद्रात काय चालतं? वसुली. सोयाबीन निघतं, कापसाची पहिली वेचणी विकली जाते, चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात येतात आणि मृगापासूनची उधारी फिटायला लागते. ती उधारी जून-जुलैची, म्हणजे मामाजींच्या वहीतली. तुमच्या टॅलीत ते शेतकरी नव्हतेच, कारण तुम्ही पोळ्यानंतर सुरुवात केली. त्यांनी आणून दिलेले पैसे गल्ल्यात पडले, टॅलीत कुठे लिहायचे हे कळलं नाही म्हणून राहून गेले. त्यातून हमाली गेली, मजुरी गेली, बँकेत भरणा झाला. हे सगळं तुम्ही इमानेइतबारे लिहिलं. मग आकडा उणे येणारच.

आणखी दोन भोकं बघा. सुरुवातीची शिल्लक टाकली होती का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्ल्यात जे होतं ते. बहुतेक नसेल, क्लासच्या सरावात कंपनी शून्यापासून सुरू होते. दुसरं, घरच्या कापसाचा चुकारा कोणी गल्ल्यात ठेवला होता का? आपल्याकडे दुकानाचा गल्ला आणि घराची पेटी यांत भिंत नसते. डिस्ट्रिब्यूटरचा माणूस दारात उभा असला की घरच्या कपाशीचे पैसे देऊन टाकतो आपण. त्यात वाईट काही नाही, फक्त ते लिहायला हवं. घरातून दुकानात आलेला पैसा मालकाच्या भांडवल खात्यावर जमा. गल्ल्यातून घरात गेलेला पैसा, मग तो किराण्याचा असो, पोराच्या फीचा असो की लग्नातल्या आहेराचा, मालकाच्या नावे, "उचल" या खात्यात. तो दुकानाचा खर्च नाही. तो खर्चात टाकला की दुकान तोट्यात दिसतं आणि नंतर आयकराच्या वेळी घोळ होतो. घरच्या शेतीचं उत्पन्न आयकरातून मोकळं आहे. ते दुकानाच्या विक्रीत मिसळलं तर ते मोकळेपण तुम्ही स्वतःच्या हातानं घालवता. माझ्या मते ग्रामीण दुकानाच्या हिशेबात सगळ्यात जास्त बिघाड या एका ठिकाणी होतो, कॉम्प्युटर असो की वही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: गल्ल्यातून काही घेतलं तर चिठ्ठी टाकायची. मामाजींनीही, यजमानांनीही.

तो जुना डेटा दुरुस्त करत बसू नका. बाजूला ठेवा. हंगामाच्या मध्येच सुरुवात करणं हीच अवघड गोष्ट होती, तुम्ही ती एकटीनं केलीत. आता सुरुवात १ एप्रिलपासून करायची. आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं हे एक कारण. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं: ३१ मार्चला कृषी केंद्रात माल सगळ्यात कमी असतो. रबी आटोपलेली, खरिपाची बियाणं यायची असतात. गोदाम मोजायला एक दुपार पुरते. हेच जूनमध्ये करायला जाल तर दारात रांग आणि थैल्यांवर थैल्या.

एप्रिलला अजून अडीच महिने आहेत. तोवर टॅलीच्या फुकट शैक्षणिक आवृत्तीत सराव करा. ती विकत घ्यावी लागत नाही. तिच्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात, पहिली आणि दुसरी त्यात येतातच. सरावाला तेवढं पुरे. सरावासाठी क्लासचं पुस्तक घेऊ नका. मामाजींची गेल्या जूनची वही घ्या. रोज रात्री एक पान. त्या पानावरचे सगळे व्यवहार एकाच तारखेला टाका आणि मामाजींची संध्याकाळची शिल्लक आणि टॅलीची रोख शिल्लक जुळते का पाहा. पाच-सहा पानं जुळली की तुमचा हात बसेल. अक्षर लागलं नाही तर मामाजींना विचारा, "हे का लिहिलंय?" त्यांना डोळ्यांनी दिसत नसलं तरी सांगता येतं. एका ओळीवरून ते त्या शेतकऱ्याचं तीन वर्षांचं येणं-देणं सांगतील, ती माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

गावात कुणी टॅलीची चोरीची प्रत टाकून देतो म्हणेल, तर घेऊ नका. ज्या डब्यात दुकानाचं सगळं येणं ठेवायचं, तो डबा अनोळखी माणसाच्या कुलपाचा नको. लायसन्स एप्रिलला घ्या. पैशाची अडचण असेल तर जीएनयूकॅश नावाचं पूर्ण फुकट सॉफ्टवेअर आहे, जमा-नावेचा हिशेब त्यात चोख होतो. जीएसटीची सोय मात्र आपल्या पद्धतीची नाही, म्हणून तुमच्या दुकानाला मी टॅलीच सांगेन.

३१ मार्चच्या रात्री दुकान बंद झाल्यावर पाच याद्या करायच्या. गल्ल्यातली रोकड मोजून. बँकेची शिल्लक उताऱ्यावरून. डिस्ट्रिब्यूटरांचं देणं, त्यांच्याकडून खातेउतारे मागवून, आपल्या अंदाजानं नाही. शेतकऱ्यांकडचं येणं, खतावणीवरून. आणि शिल्लक माल, तो खरेदी किमतीनं मोजायचा, विक्री किमतीनं नाही. हे सगळं टाकल्यावर माल, रोख, बँक आणि येणं यांच्या बेरजेतून देणं वजा केलं की जे उरतं ते दुकानाचं भांडवल. तीस वर्षांत मामाजींनी काय उभं केलं, तो आकडा त्या रात्री पहिल्यांदा कागदावर येईल. त्यांना शेजारी बसवूनच करा.

येण्याच्या यादीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आपल्या भागात दुकान उधारीवर उभं असतं. एका गावात एकाच नावाचे तीन-तीन शेतकरी असतात आणि वहीत मामाजी त्यांना "विहिरीवाला", "मोठ्या घरचा" असं ओळखतात. टॅलीला ते कळत नाही. खातं उघडताना शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि मोबाइल नंबर एवढं टाकाच. संड्री डेटर्स, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे ते, या गटाखाली गावागावांचे पोटगट करा. म्हणजे तुमचे यजमान ज्या दिवशी वसुलीला ज्या गावी जातील, त्या गावाची यादी एका कागदावर काढून देता येईल: कोणाकडे किती, कधीपासून. मी सांगतो, त्या यादीनं घरातल्या सगळ्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास बसेल. ताळेबंदानं बसणार नाही.

आणि शेतकऱ्याला त्याचा उतारा मागितला की द्या, न मागताही द्या. उधारीच्या व्यवहारात त्याच्याजवळ बहुधा कागदच नसतो. तुमचा छापील उतारा पाहून त्यानं "ताई, हे पाच हजार मी दिले होते" म्हटलं, तर वाद न घालता चिठ्ठ्या शोधा. कधी तो बरोबर असतो.

खाती जास्त उघडायचा मोह टाळा. टॅलीत तयार २८ गट आहेत, तुम्हाला दहा-बारा लागतील. चहा, झाडू, खडू यांची वेगवेगळी खाती नकोत, "किरकोळ खर्च" एक पुरे. हमाली आणि गाडीभाडं मात्र वेगळं ठेवा, खताच्या धंद्यात नफा थैलीमागे इतका बारीक असतो की तो या दोन खर्चांतच जिरतो. रोखीच्या खर्चाचं आणखी एक: एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर आयकरात तो खर्च साधारणपणे धरला जात नाही. ट्रकच्या भाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे, तरी ट्रकवाल्याला मोठी रक्कम बँकेतूनच द्या.

साठ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, सीए साहेबांना कदाचित पटणार नाही. पहिल्या हंगामात बियाणं आणि खतं एवढीच टॅलीत संख्येनं ठेवा. कीटकनाशकांचे बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा टॅलीत ठेवता येतात, पण जुलै-ऑगस्टच्या गर्दीत नवशिक्या हातानं ते करायला गेलात तर बिलं तुंबतील. परवान्यासाठी साठा नोंदवही ठेवावीच लागते, ती तशीच चालू द्या. दुसऱ्या वर्षी कीटकनाशकंही टॅलीत घ्या. खतांचं मात्र सुरुवातीपासून जपा. अनुदानित खत आधारवर पॉस मशीनमधून, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रातून, विकावं लागतं, त्यामुळे मशीनमधला साठा, नोंदवहीतला साठा, टॅलीतला साठा आणि गोदामातल्या थैल्या हे चार आकडे एक यायला हवेत. आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा किंवा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, मोजा.

वस्तूंचे कराचे दर टाकताना कोणाच्या जुन्या फाइलवरून उतरवू नका. पेरणीच्या बियाण्याला कर नाही, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, १२ टक्क्यांचा टप्पा गेला. ठरावीक जैविक कीटकनाशकं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ वर आली. जुन्या यादीत ती १२ लाच सापडतील.

आता मामाजींच्या वाक्याकडे येतो. "लाइन गेली का त्यातलं सारंच जाते." ताई, त्यांचं म्हणणं खोटं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या ज्या जिनिंगात मी हिशेब पाहत होतो तिथे कॉम्प्युटर आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मृगाच्या पहिल्या पावसात वीज पडली आणि मशीन जळालं. बॅकअप होता, पण त्याच मशीनमध्ये. एप्रिलपासूनचा सगळा हिशेब गेला. आमच्या म्हाताऱ्या दिवाणजींनी कोणी सांगितलं नसताना रोजमेळ लिहिणं चालू ठेवलं होतं. त्यावरून आम्ही तिघांनी एकोणीस दिवस बसून सगळं परत भरलं. ती वही नसती तर किती गाडीवाल्यांचे चुकारे आम्ही दिले आणि किती राहिले, हे सांगायला कोणीच नव्हतं. लोकांच्या घामाचे पैसे होते ते.

म्हणून दोन पेन ड्राइव्ह घ्या. एकावर सम तारखेला, दुसऱ्यावर विषम तारखेला, रोज संध्याकाळी टॅलीतून बॅकअप काढायचा. एक दुकानात, दुसरा घरी. आठवड्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून पाहायचा. उघडून पाहिलेला नसेल त्या बॅकअपचा भरवसा धरू नका. छोटा यूपीएस लावा, लाइन गेली तरी चालू एन्ट्री पूर्ण करून मशीन नीट बंद करण्यापुरती दहा मिनिटं मिळतात. पावसाळ्यात ढग गडगडले की वायर भिंतीतून काढून ठेवा.

वही बंद करू नका. निदान येत्या दिवाळीपर्यंत दोन्ही चालू द्या. लक्ष्मीपूजनाला नवी वही आणतातच, ती आणा, पूजा करा. फक्त मामाजींना लिहायचा त्रास होतो म्हणून रोजमेळ तुम्ही लिहा, त्यांनी सांगायचं. आधी वही, मग टॅली, दिवस संपायच्या आत. कितीही दमलात तरी उद्यावर टाकू नका, चिठ्ठ्या उडून जातात आणि कोणाचे तीनशे होते ते सकाळी आठवत नाही. दोन्हीकडची शिल्लक आणि मोजलेली रोकड, तीन आकडे एकाखाली एक लिहा आणि सही करा.

जुळलं नाही तर? फरकाला ९ नं भाग जातो का बघा. जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत, ५४० च्या जागी ४५०, फरक ९०. फरक सम असेल तर त्याचा अर्धा करा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधा, रिसीटच्या जागी पेमेंट झालं असेल. अर्ध्या तासात सापडलं नाही तर फरक लिहून ठेवा आणि झोपा. फरक मिटवायला खोटी नोंद मात्र कधीच टाकू नका, दोन रुपयांचीही नाही. मी अशी एक नोंद टाकलेला हिशेब पाहिला आहे, ती कुठून आली हे पुढे तीन वर्षं कोणाला कळलं नव्हतं.

सीए साहेबांकडे बिलांची थैली जाईल ती जाऊ द्या, पण एप्रिलनंतर महिन्याच्या पाच तारखेच्या आत टॅलीतली विक्रीची आणि खरेदीची यादीही पाठवा. साधारण १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी नावाचं पत्रक तयार होतं. डिस्ट्रिब्यूटरांनी तुमच्या नावानं दाखवलेली बिलं त्यात येतात. तुमच्या खरेदीशी ते ताडून पाहायला सीए साहेबांच्या ऑफिसात एक दिवस बसू द्या म्हणावं. एखादं बिल डिस्ट्रिब्यूटरनं दाखवलंच नसेल तर त्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही, आणि ती चूक आजवर कोणाच्या लक्षात आली असेल असं मला वाटत नाही.

जमेल का, असं विचारलंत. जून कठीण जाईल. बियाण्याच्या गर्दीत दोन-तीन दिवस टॅली मागे पडेल, तेवढे दिवस वहीवर काढा आणि पाऊस उघडला की भरून घ्या. तुमच्या हातात पक्की वही असल्यावर मागे पडण्याचं भय नाही. आज रात्री मामाजींना एवढंच म्हणा, "मला गेल्या मृगाची वही काढून द्या, पहिल्या पानापासून." एप्रिलमध्ये रोख पुन्हा उणे दिसली तर रोख खातं उघडून ती कोणत्या तारखेला पहिल्यांदा उणे झाली ते शोधा, आणि त्या दिवसाचं वहीचं पान आणि टॅलीचं डे बुक, म्हणजे त्या दिवसाच्या नोंदींची यादी, मला पाठवा. आपण मिळून पाहू.